खारपाणपट्ट्यातून कल्पेनीकडे

लहान बेटावर एकच दिवस मिळणार असेल, तर काय काय बघायचं याची यादी नंतर करावी. आधी तिथे काय नाही ते नीट समजून घ्यावं. नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही. डोंगर नाही, म्हणून डोंगरावरून उतरणारं पाणीही नाही. जे काही गोड पाणी आहे ते पावसानं दिलेलं, वाळूखाली, खाऱ्या पाण्याच्या वर साचून राहिलेलं. हे वाचलं आणि आमच्या लक्षद्वीपच्या सहलीचा सगळा आराखडा मी पुन्हा मांडायला घेतला. कारण मी पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात वाढलेली आहे.

ज्यांना हा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांमधून पूर्णा वाहते. तिच्या दोन्ही अंगांना काळ्या गाळाची खोल जमीन आहे. कापूस, तूर, मूग, ज्वारी, आणि पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा. माती सोन्यासारखी म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण विहीर खणली की पाणी खारं लागतं. त्यात डाळ शिजत नाही, आणि शेताला दिलं तर माती दगडासारखी आवळून येते. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाणी प्यायले. मूत्रपिंडाच्या आजारानं गेलेलं माणूस आमच्याकडे बहुतेक प्रत्येक भावकीत निघतं. वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजना आल्या आणि बऱ्याच गावांत गोड पाणी पोचलं. तरी नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे आजही घरातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं.

माझ्या आजीच्या वेळी नळ नव्हता. उन्हाळ्यात बाया नदीच्या पात्रातल्या वाळूत झिरे करायच्या. हातभर खड्डा केला की तळाशी पाणी पाझरून यायचं, आणि ते वरचं पाणी गोड असायचं. आजी वाटीनं घागर भरायची. मी घाईनं वाटी खोल घातली की माझा हात धरायची. ‘‘वरचं वरचं घे वं माय. खालचं ढवयू नको, खारं वर येते.’’ सगळ्या झिऱ्याची मालकी तिच्याकडे असल्यासारखं ती बोलायची, पण मागे आणखी घागरी रांगेत असतात याचं भान त्या बोलण्यात होतं.

सहलीची सुरुवात आईमुळे झाली. ‘‘पंढरपूर पाह्यलं, आळंदी पाह्यली, शेगाव त दरसाली होते. समुद्र तेवढा राह्यला,’’ असं ती एका संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, पण दादानं ते मनावर घेतलं. समुद्र दाखवायचाच तर चौपाटीवर उभं करून नको, चहूबाजूंनी समुद्र असेल अशा ठिकाणी नेऊ, असं त्याचं म्हणणं. पुण्याच्या मावसभावानं मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझची माहिती पाठवली. पोहायचे तलाव, रात्रीचे कार्यक्रम, जेवणाची अनेक दालनं. सुंदर असणार यात शंका नाही. पण दीड-दोन हजार माणसं घेऊन फिरणारं जहाज लहानशा बेटासमोर उभं राहतं, तेव्हा त्या बेटाच्या बाजूनं विचार केला की माझा जीव दडपतो.

आम्ही ठरवलं ते लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेचं ‘समुद्रम’. एम. व्ही. कवरत्ती हे जहाज कोचीहून निघतं. रात्री जहाजावर, दिवस बेटावर, अशी पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. जहाजावर साधारण ७०० माणसांची सोय आहे आणि ते मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहे. कोचीला दवाखान्यात जाऊन परतणारे, शिकायला गेलेली मुलं, लग्नाला निघालेली कुटुंबं, आणि त्यांच्यात आपण. गावाला तालुक्याशी जोडणाऱ्या एसटीचं जे काम, तेच या जहाजाचं. म्हणून वेळापत्रक पुढेमागे झालं तर कुरकुर करायची नाही, कोचीत जाताना आणि येताना एकेक दिवस मोकळा ठेवायचा, हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं. नागपूरहून केरळ एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला नेते, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न सोपा आहे. लक्षद्वीपला जायला प्रवेश-परवाना लागतो. त्याचे अर्ज, ओळखपत्रं, फोटो हे भाचीनं अंगावर घेतलं आहे. आईच्या आधार कार्डावर नाव एक आणि बँकेत दुसरं, एवढी एक गाठ सोडवायची आहे.

महिना ठरवायला मात्र वेळ गेला. पावसाळ्यात तो समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे सोयाबीन आणि कापसाचा पहिला वेचा, तेव्हा घर सोडता येत नाही. शिवाय अरबी समुद्रातल्या वादळांचेही ते दिवस. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच ओखी वादळानं मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपलं होतं. मग राहिली जानेवारीअखेर. तूर निघालेली, हरभरा अजून घाट्यात. दादा म्हणाला, ‘‘हरभरा सोंगाले येईस्तोवर वापस आलो म्हनजे झालं.’’

तीन बेटांपैकी माझं मन लागलं आहे ते कल्पेनीत. २.७९ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ६९० एकर. आमच्या गावचं शिवार त्याहून मोठं आहे. तेवढ्या जागेत चार-साडेचार हजार माणसं, त्यांची घरं, मशिदी, शाळा, माडांच्या बागा. बाजूला तिलाक्कम, पिट्टी, चेरियम ही निर्जन बेटं, आणि सगळ्यांना मिळून एक मोठा उथळ लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं शांत समुद्राचं पाणी. हॉटेलांची रांग नाही, बाजारपेठ नाही. जमिनीची उंची समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर. १८४७ मध्ये एक मोठं वादळ झालं, त्यात समुद्रानं फेकलेल्या प्रवाळाच्या दगडांचा बांध पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आजही पडून आहे. एका वादळात उभा राहिलेला बांध पावणेदोनशे वर्षं टिकतो, ही गोष्ट मी दादाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ आपल्या धुऱ्याकडे बघत बसला. आमच्या शेताचा धुरा एका पावसाळ्यात वाहून जातो.

भूगोलाचं वाचताना आणखी एक धागा हाती लागला, आणि त्याचा मला फार आनंद झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा उसळला आणि दख्खनचं पठार झालं. आमची काळी माती त्याच बसाल्टची. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, आणि ज्या तप्त जागेतून तो लाव्हा आला होता तिनं मागे समुद्राच्या तळाशी डोंगरांची एक लांब रांग उभी केली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस त्या रांगेवर आहेत. ती जागा आज आफ्रिकेकडच्या रियुनियन बेटाखाली आहे. डोंगर हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या डोक्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळ-बेटं अशी तयार होतात हे डार्विननं १८४२ मध्ये मांडलं होतं. म्हणजे कल्पेनीच्या पायाखाली जो दगड आहे, तो आमच्या शेताखालच्या दगडाचा धाकटा भाऊ. आईला हे सांगितलं तर तिला त्यात आश्चर्य वाटलं नाही. ‘‘मंग आपलेच लोकं हाय ते,’’ म्हणाली.

पण मुख्य गोष्ट पाण्याची. लक्षद्वीपला वर्षाला पंधराशे-सोळाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या जवळजवळ दुप्पट. तो प्रवाळाच्या वाळूत मुरतो. खाली समुद्राचं पाणी आधीच झिरपलेलं असतं. खारं पाणी जड आणि गोड पाणी हलकं, म्हणून गोड पाणी वर तरंगतं. मध्ये जाड, कडेला पातळ, असा त्याचा थर बेटाखाली असतो. गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं त्याचा हिशेब ओळखला जातो. समुद्राच्या पातळीच्या वर गोड पाणी एक वीत असेल, तर पातळीखाली ते साधारण चाळीस विती असतं. ऐकायला मोठी दौलत वाटते. पण हिशेब उलट्या बाजूनंही तसाच चालतो. उपसा वाढला आणि वरची पातळी एक वीत उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस विती वर सरकू बघतं. त्यातही लहान बेटावर भरती-ओहोटी गोड आणि खारं सतत मिसळत राहते, त्यामुळे प्रत्यक्षातला थर हिशेबापेक्षा पातळच भरतो. ‘खालचं ढवळू नको’ हे आजीनं ज्या कारणासाठी सांगितलं, तेच कारण तिथे आख्ख्या बेटाला लागू आहे.

तिथल्या लोकांनी आणि सरकारनं यावर मार्ग काढलेत. कवरत्तीवर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं समुद्राच्या पाण्यापासून गोड पाणी करण्याचा प्रकल्प उभारला. दिवसाला एक लाख लिटर. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होऊ द्यायचं, आणि शेकडो मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानं ती वाफ पुन्हा पाणी करायची. पुढे इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वाचताना भरून येतं. पण मशीन आहे म्हणून पाहुण्यानं सैल वागावं असं मला वाटत नाही. एक लाख लिटर ऐकायला पुष्कळ वाटतात. दहा-बारा हजार वस्तीच्या बेटावर वाटले की माणशी घागरभरही पुरतं उरत नाही.

म्हणून आमचे काही नियम ठरले आहेत. प्यायचं पाणी आमच्या स्टीलच्या बाटल्यांमधून, जहाजावर भरून, माणशी तीन लिटर. लगूनमध्ये डुंबून बाहेर आलो की अंगावरचं मीठ बेटाच्या गोड पाण्यानं धुवायचं नाही. पंच्यानं कोरडं व्हायचं आणि आंघोळ रात्री जहाजावर, तीही एका बादलीत. वहिनीला हे जड गेलं. मीठ सुकून अंग चरचरतं, केस चिकट होतात, हे खरंच आहे. पण नळ सोडून केस धुणाऱ्या पाहुण्याकडे गावातली बाई कोणत्या नजरेनं बघते, ते वहिनीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उन्हाळ्यात शहरातून येणारे पाहुणे आम्ही दोघींनी मिळून सांभाळलेत.

संडासाचंही पाण्याशीच नातं आहे. बेटावर घरं दाटीनं आहेत, शोषखड्डे आणि विहिरी जवळजवळ. वाळूतून काहीही चटकन खाली उतरतं. म्हणून पर्यटकांसाठी सोय असेल तिथेच जायचं, माडाच्या आडोशाला नाही. भाचीची पाळी त्या दिवसांत आली तर तिचं सगळं वेगळ्या पिशवीत बांधून परत जहाजावर आणायचं. हे मी तिच्याशी मोकळेपणानं बोलले, कारण प्रवासाच्या गप्पांमध्ये नेमकं हेच कोणी बोलत नाही. बिस्किटं, चिवडा, फुटाणे यांची पाकिटं घरीच फोडून डब्यात भरायची. कल्पेनीवर आमच्या हातून प्लास्टिकचा एकही कागद पडता कामा नये. तिथे टाकलेला कचरा एक तर जळतो, नाही तर समुद्रात जातो, नाही तर बोटीनं कोचीला न्यावा लागतो. तिसरी गोष्ट आपणच करावी.

उन्हाबद्दल आमच्याकडच्या माणसाला फाजील आत्मविश्वास असतो. पंचेचाळीस अंशात पऱ्हाटीला पाणी देणाऱ्याला तिशीतलं ऊन काय करणार? पण आमचं ऊन कोरडं आहे, घाम आला तसा वाळतो. तिथे हवा दमट, घाम वाळत नाही, आणि पांढऱ्या वाळूवरून व पाण्यावरून ऊन खालूनही येतं. त्यामुळे टोपी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मानेवरून दुपट्टा, दुपारी बारा ते तीन सावलीत. सन क्रीमच्या बाबतीत मी हट्टानं नाही म्हटलं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट ही त्यातली रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाईनं ती असलेली क्रीम विकायला २०२१ पासून बंदी घातली. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्राच्या उष्णतेनं पांढरे पडले. आधीच तापलेल्या आजाऱ्याच्या अंगावर आपण आणखी काही चोळू नये. पायात रबरी तळाचे, पट्ट्याचे बूट हवेत. साधी चप्पल पाण्यात निघून जाते, आणि प्रवाळानं कापलेली जखम चिघळते. पण बूट आहेत म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही. फक्त वाळूवर पाय ठेवायचा.

भाचीला शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आणायचे होते. प्रवाळ उचलायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, हे तिला सांगून झालं. ती कायद्याला मान देणारी मुलगी आहे, पण तिचं मन वळलं ते दुसऱ्या गोष्टीनं. लक्षद्वीपमधल्याच बंगारम बेटाच्या प्रवाळकड्यात परळी-१ नावाचं एक निर्जन बेट होतं. १९६८ मध्ये ते ०.०३२ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आठ एकर. ते पूर्ण झिजून गेल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. आठ एकर म्हणजे आमच्या दादाचं सगळं शेत. भाची म्हणाली, ‘‘मंग राहू दे आत्या, त्याहिच्याच पायाखालची वाळू कायले आनायची.’’

जेवणाची काळजी आईपुरती. ती माळकरी आहे, आणि बेटावरचं जेवण म्हणजे भात आणि ट्यूना मासा. भात, नारळाची चटणी, भाजी मिळते असं कळलं आहे. तरी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ सोबत असेल. बेटावर बहुतेक सगळे मुसलमान आहेत, दारूबंदी आहे, आणि गावातून जाताना अंगभर कपडे घालणं ही तिथली अपेक्षा आहे. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. ‘‘आपन त्याहिच्या गावात जाऊन राह्यलो. त्याहिच्या रीतीनं राहू.’’ कल्पेनीच्या बाबतीत तिला एकच गोष्ट मनापासून आवडली. लक्षद्वीपमध्ये मुली सगळ्यात आधी शाळेत जायला लागल्या त्या याच बेटावर. ती स्वतः चौथीपर्यंत शिकली आहे, आणि पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती.

तिच्या गुडघ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जहाज लगूनच्या बाहेर, खोल पाण्यात थांबतं. प्रवाळामुळे त्याला आत येता येत नाही. जहाजाच्या कुशीतल्या दारातून लहान बोटीत उतरायचं असतं, आणि बोट लाटेवर खालीवर होत असते. खलाशी दोन्ही हात धरून उतरवतात, वयस्क माणसंही उतरतात. तरी मी दोन गोष्टी आईसमोर स्पष्ट ठेवल्या. समुद्र त्या दिवशी जास्त उसळला तर कोणालाच उतरवत नाहीत, आणि तेव्हा कल्पेनी डेकवरूनच बघायची. आणि समुद्र शांत असला तरी दारात उभी राहून तिला भीती वाटली, तर मी तिच्यासोबत जहाजावर थांबेन, बाकीचे जातील. तिनं पहिली गोष्ट लगेच कबूल केली. दुसरीवर म्हणाली, ‘‘थे मी तितं ठरवीन.’’ सध्या ती रोज सकाळी ओट्याच्या पायऱ्या चढते-उतरते.

माझी स्वतःची इच्छा एकच आहे, आणि तिच्यासाठी दिवसाची आखणी मी सैल ठेवली आहे. बेटावरच्या विहिरींची पातळी समुद्राबरोबर दिवसातून दोनदा वरखाली होते. भरती ते ओहोटी म्हणजे साधारण सव्वासहा तास, आणि आम्ही बेटावर जवळपास तेवढेच असू. एकच विहीर सकाळी पोचल्यावर आणि पुन्हा निघण्याआधी बघितली, तर कडेच्या ओल्या खुणेवरून फरक दिसायला हवा. त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक मी कोचीत बघून घेईन. विहीर कोणाच्या तरी परसात असणार, तेव्हा आधी घरच्या बाईला विचारायचं. तिची भाषा मला येत नाही, म्हणून सोबतच्या मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवायला हवं. ती हो म्हणाली तर मी दोनदा डोकावेन आणि पोहरा सोडणार नाही. नको म्हणाली, तर लगूनकडे जाऊन सगळ्यांबरोबर पाण्यात उतरेन.